मधलीची लांब पट्टी

१

मला वाटलं होतं, भांडण होईल. इतकी वर्षं लांबच्या देशात झाडांचा अभ्यास करून मी परत येत होते आणि विमानात बसल्या बसल्या काकांशी भांडायची वाक्यं जुळवत होते. उभं झाड पाडून लाकूड मिळवायचे दिवस संपले, काका. वादळात पडलेली, रस्त्याकडेला कुजणारी झाडं एवढी आहेत की आपली वखार नुसत्या त्यांच्यावर चालेल, एकाही जिवंत झाडाला हात न लावता. फाटक गंजलेलं असेल, करवतींवर धुळीचे थर असतील आणि काका माझ्याकडे पाठ करून बसतील, असं मी धरून चालले होते.

सापडलं भलतंच. फाटकाला नवा रंग होता. भिंतीवरची हत्यारं पुसून, तेल लावून टांगलेली होती. काकांनी माझं सगळं भाषण चहा गार होईपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. कर की."

माझी निम्मी वाक्यं तशीच उरली.

"नुसतं 'कर की' काय?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि त्या गोडाउनवाल्याला काय सांगणार?"

गोडाउनवाला म्हणजे शेजारच्या जागेचा मालक. पत्र्याची मोठी शेड टाकायला त्याला आमची वखार हवी होती. काकांचा डावा कान मशीनच्या आवाजाने कधीच गेला होता, हाताखाली माणूस टिकत नव्हता, आणि त्यांनी त्याला जवळजवळ होकारच दिला होता.

"सोमवारी सकाळी या म्हटलंय त्याला," काका म्हणाले. "तोवर तू मला एक ओंडका कापून, चिरून दाखव. फळ्या निघाल्या, तर वखार तुझी, हवं ते कर. नाही निघाल्या, तर त्याची. रडायचं नाही."

"कुठला ओंडका?"

काकांनी हनुवटीनेच खिडकीबाहेर दाखवलं. वखारीच्या मधोमध, दोन जाड तुळयांवर, एक खोड आडवं होतं. वादळात आपणहून पडलेलं. रस्ता मोकळा करणाऱ्यांनी फांद्या तोडून नेल्या, खोड कुणालाच उचलेना, तेव्हा काकांनी ते ट्रेलरवर घालून आणलं होतं. मी येणार म्हणून, माझ्यासाठी.

मी बाहेर गेले आणि सालीवर हात ठेवला. शेजारच्या शाळेतली मुलं फरशीवर बसतात हे मी येताना पाहिलं होतं. त्या खोडातून निघणारी बाकं मला तिथल्या तिथे दिसायला लागली. त्याच दिवशी मी शाळेत तसं सांगूनही आले.

"झाडांची डॉक्टर झाली म्हणे," मागून काकूचा आवाज आला. "माणसांची झाली असतीस, तर माझे गुडघे तरी बघितले असतेस."

२

आमच्या घरी तीन चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवती, होत्या आणि त्यांना मुलींसारखी नावं होती. धाकटी फांद्यांसाठी, मधली रोजच्या कामासाठी, थोरली मोठ्या खोडांसाठी. थोरली काकांनी विकून टाकली होती, म्हणून शनिवारी सकाळी मी मधली घेऊन उभी राहिले.

एवढं खोड फळ्या चिरायच्या पट्ट्याच्या करवतीवर चढत नाही. आधी त्याचे आडवे तुकडे करावे लागतात. दोन्ही टोकांना टेकवलेलं खोड वरून कापत गेलं, तर ते स्वतःच्या वजनाने मिटतं आणि पट्टी आत अडकते. पट्टी म्हणजे मशीनच्या पुढे निघालेलं ते लांब चपटं पोलादी पातं, ज्याच्या कडेने चेन फिरते. तेव्हा खोडाच्या कमरेत पट्टीचं टोक सरळ खुपसायचं, आरपार न्यायचं आणि मग वर-खाली कापत जायचं. मधलीची पट्टी खोडाच्या जाडीपेक्षा आखूड होती. अडचण नव्हती. रंगवलेली दोरी खोडाभोवती गुंडाळून आम्ही रेघ मारली. त्या रेघेवर मी अलीकडून पट्टी मुळापर्यंत खुपसली, मग पलीकडे जाऊन समोरासमोर, तशीच मुळापर्यंत खुपसली. दोन्ही काप मिळून खोडाच्या जाडीपेक्षा वीतभर जास्त होत होते. ते मध्ये मिळायलाच हवे होते.

ते मिळाले नाहीत.

मी एका कापाला डोळा लावला. दुसऱ्या बाजूने काकांनी विजेरी धरली. अंधार.

"लागली का?" मी विचारलं.

"लागलीय. डोळ्यात जातेय माझ्या."

आम्ही जागा बदलल्या. काकांनी पाहिलं, मी विजेरी धरली. मग त्यांनी फीत काढून खोड मापलं, पट्टी मापली, आणि पुन्हा खोड मापलं. फीत त्यांच्या मुठीत कर्रकन आत गेली.

"तिरके गेले काप," ते म्हणाले.

"दोन्ही?"

"तू वर गेलीस, मग खाली गेलीस. परदेशी हात आहे, सरळ कसा जाईल?"

मी हसले. मलाही ते पटलं. सालीवरच्या भेगा दोन्ही रेघेवर अगदी आडव्या दिसत होत्या, पण आत काय झालं कुणी पाहिलंय? आत भुसा दाबून बसला असेल. लाकूड कुठे पीळ खाऊन वाढलेलं असेल. कारणं मला भरपूर सुचत होती. मी ती शिकूनच आले होते.

"लांब पट्टी लावू," मी म्हणाले. "एकाच बाजूने आरपार. म्हणजे वादच नको."

३

थोरलीची जुनी पट्टी वखारीत पडून होती, पण तिची खाच मधलीच्या बोल्टवर बसेना. मी संध्याकाळी बाजारात जाऊन मधलीला चालेल अशी सगळ्यात लांब पट्टी आणली. मशीनच्या पुस्तकात त्याहून लांब लावू नका असं लिहिलेलं होतं. तिची ताकद पुरत नाही आणि तेल टोकापर्यंत पोचत नाही. चेनही नवी घेतली. कड्यांचं माप तेच, कड्या जास्त.

रविवारी सकाळी मी ती बाकावर जोडायला बसले. मला हे काम फार आवडतं. झाकणाचे नट सोडले, झाकण काढलं, जुनी चेन उतरवली, आखूड पट्टी बोल्टवरून ओढून बाजूला ठेवली. चक्रावरचा भुसा ब्रशने झाडला. नवी पट्टी बोल्टवर सरकवली आणि तिचं तेलाचं भोक मशीनच्या भोकासमोर येतंय ना ते वाकून पाहिलं. चेन चक्रावर घातली, पट्टीच्या खोबणीतून टोकापर्यंत नेली. वरच्या बाजूला दात पुढे तोंड करून. झाकण लावलं, नट बोटांनी आवळले. मग पट्टीचं टोक वर उचलून धरलं आणि ताणाचा स्क्रू फिरवत राहिले, चेन खालून पट्टीला चिकटेपर्यंत. नट पक्के केले. हातमोजा घालून चेन ओढून पाहिली. ती लोण्यासारखी सरकली.

"लहान पोराला बापाची पँट घातल्यासारखी दिसतेय," काका म्हणाले.

"धावेल की नाही ते बघा."

तेलाचा पंप मी पूर्ण उघडला. पट्टीचं टोक एका पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिली. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक, ओली रेघ उमटली. म्हणजे तेल टोकापर्यंत पोचत होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर मी स्वतःलाच पटवत होते की पोचत नसेल.

४

आमच्या वखारीची कामाची एक पद्धत आहे. टोक खुपसणाऱ्याला पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून एक माणूस पलीकडे उभा राहतो. मशीन धरणारा थोडं खुपसून रेस सोडतो आणि कान देतो. पलीकडचा म्हणतो, "अजून." मग पुढे जायचं. पुन्हा रेस सोडायची, ऐकायचं. "अजून." टोक पलीकडच्या सालीतून बाहेर दिसलं की तो म्हणतो, "आली." म्हणजे पट्टी आली. याखेरीज एकच शब्द चालतो, "थांब". तो ऐकला की मशीन बंद करायची, कारण विचारायचं नाही. आणि मशीनवाल्याने स्वतः वाकून बघायचं नाही; बघायला गेलं की हात हलतो. आपला माणूस पलीकडे आहे, त्याचं ऐकायचं.

मी जिथे शिकले तिथे यासाठी शिट्ट्या होत्या, हातवारे होते. मला हेच जास्त आवडायचं. माणसाने माणसाच्या आवाजावर एवढा विश्वास ठेवणं. मी एका निबंधात त्यावर पानभर लिहिलंही होतं.

काका पलीकडे गेले. मला त्यांची फक्त टोपी दिसत होती, खोडाच्या वर, मग तीही दिसेनाशी झाली. ते सालीपाशी वाकले असणार. मी कालच्याच कापात टोक घातलं आणि रेस दिली. मधली जरा कण्हली, मग लागली कामाला. भुसा माझ्या बुटांवर पडायला लागला. फिकट, कोरडा, चांगला भुसा.

रेस सोडली.

"अजून."

खुपसली. रेस सोडली.

"अजून."

आवाज जवळून आल्यासारखा वाटला, पण कानावर संरक्षक लावल्यावर सगळेच आवाज अंतर सोडून देतात. मी पुढे गेले. मशीनचं तोंड सालीपासून हातभर होतं, मग वीतभर, मग बोटभर. पट्टी आता पलीकडे निदान फूटभर बाहेर असायला हवी होती.

"अजून," काका म्हणाले.

मी मशीन सालीला टेकवली. आणखी जायला पट्टीच नव्हती.

"आली," काका म्हणाले. खूश होऊन म्हणाल्यासारखे.

मी मशीन बंद केली, चेन थांबू दिली आणि वळसा घालून पलीकडे गेले. पलीकडच्या बाजूला कालची आमची भेग होती. तिच्यातून काहीही बाहेर आलेलं नव्हतं. काका टोपी हातात घेऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"कानात काय बोळे घातलेस का?" ते म्हणाले. "घसा फुटला माझा. थांब, थांब, थांब."

"तुम्ही 'आली' म्हणालात."

"कशाला म्हणू? आली कुठे?"

"मी ऐकलं, काका. 'अजून' म्हणालात, मग 'आली'."

काका हळूच म्हणाले, "मी 'अजून' एकदाच म्हणालो."

आम्ही दोघांनी मिळून पट्टी बाहेर ओढली. ती सहज आली, सुरीसारखी. मुळापासून अर्ध्यापर्यंत ती तेलाने आणि भुशाने माखलेली होती, जशी असायला हवी. टोकाकडचा हातभर भाग स्वच्छ होता. चेनच्या कड्यांच्या आतल्या बाजूसुद्धा. कुणीतरी बसून फडक्याने एकेक दात पुसावा तसा.

"तेल पोचत नाही टोकापर्यंत," मी म्हणाले. "पुस्तकात लिहिलेलंच होतं."

काकांनी टोकावरून अंगठा फिरवला आणि तो पँटला पुसला, कोरडा असूनही.

५

आम्ही जेवायला बसलो. स्वयंपाकघराची खिडकी वखारीकडे उघडते. तिथून खोडाचं एक टोक दिसत होतं, आणि त्याच्याखालून मांजर निवांत आरपार गेलं. मी त्या मांजराकडे फार वेळ बघितलं. खोडाच्या या अंगाला शेपूट, त्या अंगाला डोकं. एवढीच त्याची जाडी.

काकूने ताटात भात वाढला. "कोण आलं होतं मघाशी?"

"कोण येणार?" काका म्हणाले.

"मग ही कुणाला सांगत होती?" तिने मोठा चमचा माझ्याकडे रोखला. "आली, आली, आली. सारखं आपलं. मला वाटलं पाहुणी आली कुणी. मी भात वाढवला ना उगीच."

"मी नाही, काकू. काका म्हणत होते. म्हणजे, मला वाटलं काका."

"तुझा आवाज मला कळत नाही? नळावर हात धूत होते मी. तू म्हणत होतीस, आली. अगदी लहान असताना म्हणायचीस ना, दार उघडलं की, आपलं आपणच, तशी." ती हसली. "मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगी रमली."

मी घास खाली ठेवला. मशीन सुरू असताना मी तोंड उघडलंच नव्हतं. उघडून उपयोग नसतो.

काकूला काकांचा आवाज माझा वाटला असेल. भिंतीवरून आवाज बदलतो. काकांच्या कानाचं तर सगळ्यांनाच माहीत होतं, आणि मी संरक्षक लावलेला होता. माझ्या डोक्यात सगळं नीट लागत गेलं, एकावर एक, आणि शेवटी एकच गोष्ट बाहेर राहिली. आम्ही पट्टीबद्दल बोलतो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ पट्टी आली असा असतो. काकू नळावर हात धूत असताना जे ऐकत होती, त्यात पट्टी कुठेच नव्हती. नुसतं, आली.

"दुपारी मी खुपसतो," काका म्हणाले. "तू पलीकडे राहा."

"नको, काका. आज राहू दे."

"उद्या तो येतोय."

"येऊ दे."

"तुला वखार हवीय की नको?"

मला वखार हवी होती. मला ती बाकं हवी होती, मुलं हवी होती त्यांच्यावर बसलेली. एका ओंडक्याला घाबरून मी हे सगळं पत्र्याच्या शेडला देऊन टाकणार होते का, आणि ते कशासाठी, तर काकूला नळाच्या आवाजात काही ऐकू आलं म्हणून? मला स्वतःचीच लाज वाटली.

"हवीय," मी म्हणाले.

"मग ऊठ. आणि जरा मोठ्याने ओरड. माझ्या उजव्या कानाच्या बाजूला."

६

उन्हं अजून चांगली होती. मी पलीकडे उभी राहिले आणि दोन्ही तळवे सालीवर ठेवले, भेगेच्या दोन बाजूंना. मधली सुरू झाली. कंपन तळव्यांत आलं, आधी लांब, मग जवळ. काकांनी रेस सोडली.

मी दीर्घ श्वास घेतला आणि ओरडले, "अजून."

पुन्हा आवाज चढला. माझ्या तळव्याखालची साल गरम व्हायला हवी होती, निदान थरथरायला हवी होती. थरथर मात्र कमी होत चालली होती. मशीन माझ्याकडे येत होती आणि तिचा आवाज माझ्यापासून लांब जात होता, कुणीतरी ती घेऊन जिना उतरत असावं तसा.

काकांनी रेस सोडली. मी तोंड उघडलं.

"अजून," मी म्हणाले.

मी म्हणाले नव्हते. माझं तोंड उघडं होतं, हवा आत जात होती. आवाज माझ्या दोन तळव्यांच्या मधून आला होता.

"थांबा," मी ओरडले. "काका, थांबा, बंद करा."

"अजून," माझा आवाज प्रेमाने म्हणाला. मशीनचा आवाज चढला.

मी ओरडत राहिले आणि ओरडता ओरडता मला कळलं की काका ऐकताहेत. ते नीट ऐकत होते. त्यांच्या उजव्या कानात माझाच आवाज जात होता, पलीकडच्या माणसाचा, आणि त्यांनी जन्मभर केलं तेच ते करत होते.

मी धावले. वळसा कितीसा, खोडाच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. मी वळले तेव्हा काका सालीला छाती टेकवून उभे होते. पट्टी दिसत नव्हती. मशीनचं तोंड दिसत नव्हतं. मशीनच्या नारिंगी पत्र्याचा पुढचा अर्धा भाग सालीच्या आत होता. साल फाटली नव्हती, उचकटली नव्हती, ओल्या मातीत पाय जावा तशी ती त्याच्या कडेने नीट मिटली होती. पुढचं हँडल आत गेलं होतं आणि त्यावरची काकांची हातमोज्यातली डावी मूठ मनगटापर्यंत आत होती. त्यांनी गाल सालीला लावला होता. डोळे मिटलेले होते. कुणी कानात काहीतरी सांगावं आणि ते हसू दाबत ऐकावं, तसा चेहरा होता.

मी त्यांच्या अंगाखालून हात घालून मशीनचं बटण दाबलं. चेन थांबली. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं.

"अगं, थांब की," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "ती म्हणतेय ना अजून."

"मी इथे आहे, काका. मी तुमच्या मागे आहे."

त्यांनी डोळे उघडले. मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग सालीकडे. मी त्यांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनीही जोर लावला आणि आम्ही दोघं उताणे पडलो. मशीन आमच्याबरोबर बाहेर आली. हातही आला, अख्खा, पाची बोटं हलत होती.

हातमोजा आला नाही.

७

काका घराकडे गेले. चालत नव्हते, पळत होते, त्या वयात. मीही जायला हवं होतं.

मोजा भेगेत अडकला होता. बोटांची टोकं बाहेर, बाकीचा आत. भेग बोटभर रुंद होती, पट्टी जाते तेवढीच. तिथे मशीन कशी गेली, मूठ कशी गेली, याची एकही खूण नव्हती. जाड कातड्याचा पिवळा मोजा. मी बघत असताना करंगळी आत गेली. सावकाश. मग तिच्या शेजारचं बोट.

मला वाटलं, लाकूड मिटतंय. दाबामुळे तो आत ओढला जातोय. मला हे समजून घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर मला अजूनही ते लाकूड हवं होतं. माझ्या पदवीत या गोष्टीला कुठेतरी नाव असेल, असं मला वाटत होतं.

शेवटचं बोट आत गेलं, तेव्हा मी गुडघ्यांवर बसले आणि भेगेला डोळा लावला.

आत उजेड होता. त्यामुळे मला आधी हायसं वाटलं. चला, गेला काप आरपार. उजेड दुपारचाच होता, पण लांबवरचा, लांब बोळाच्या टोकाला असतो तसा. त्या उजेडात कुणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. मला खांद्याची एक रेघ दिसली आणि एक हात. तो हात मोजा घालून बघत होता. एकेक बोट आत घालायचा, वाकवायचा, सरळ करायचा. करंगळी बसेना. ती काढून पुन्हा घातली. त्याला घाई नव्हती. नवं कापड अंगाला लावून बघावं तसं चाललं होतं.

मग तो हात थांबला. खांद्याची रेघ हलली, वळायला लागली.

"काय बघतेस गं?" काका म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं नाही. काका घराच्या दारात उभे होते. मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते, काकूच्या खांद्याला धरून, तोंड घट्ट मिटून.

मी उठले आणि पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत घरापर्यंत गेले.

८

सकाळी गोडाउनवाला वेळेवर आला. त्याने आपला माणूस बरोबर आणला होता, धिप्पाड, गळ्यात टॉवेल, आणि त्या माणसाच्या खांद्यावर एक मशीन होती जिची पट्टी जवळजवळ माझ्या उंचीची होती.

"फळ्या निघाल्या नाहीत वाटतं," गोडाउनवाला खोडाकडे बघून म्हणाला. "असू दे. ताईंनी प्रयत्न केला. आमचा पैलवान आत्ता करतो मोकळं. मग निवांत चहा घेऊ आणि सह्या करू."

काका खुर्चीत बसले होते. डावा हात त्यांनी उजव्या काखेत धरला होता, थंडी वाजल्यासारखा. "घेऊन जा," ते म्हणाले. "सगळं घेऊन जा. आज, आत्ता. आम्ही कुठेतरी भाड्याने राहू."

"काका," मी म्हणाले.

"तू बोलू नकोस." ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. कालपासून मी बोलले की ते आधी माझ्या तोंडाकडे बघत, ओठ हलताहेत का ते. "हरलीस तू. ठरलं होतं तसं झालं. आता आपण जायचं."

खरं होतं. ठरलं होतं तसंच झालं होतं. मी होकार दिला असता, तर संध्याकाळपर्यंत आम्ही या भिंतींपासून लांब असतो, आणि मी दुसरीकडे कुठेतरी, दुसऱ्या लाकडावर, माझी बाकं केली असती. पैलवानाने तोवर टॉवेल कमरेला बांधला होता. त्याने खोडाला वळसा घातला, भेग पाहिली आणि हसला.

"एवढ्याशा ओंडक्याला काय घाबरलात," तो म्हणाला. "हे तर लोणी आहे. पलीकडे कोण उभं राहतंय?"

गोडाउनवाला पुढे झाला. "मी राहतो की. काय म्हणायचं असतं?"

मी अंगणात उतरले. काकू मागून काहीतरी म्हणाली. मी खोडापाशी गेले, भेगेच्या बरोबर वर हात टेकला आणि उडी मारून त्यावर बसले, दोन्ही पाय त्यांच्या बाजूला सोडून.

"वखार विकायची नाही," मी म्हणाले. "आणि हे कापायचं नाही. ना तुम्ही, ना मी, ना कुणी."

"अहो ताई, मग करणार काय याचं?"

"काही नाही. ते इथेच राहील."

"बाकं करणार होता ना तुम्ही?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "शाळेत सांगितलंय म्हणे."

"शाळेत जाऊन नाही म्हणून सांगेन. तुम्ही फाटक ओढून घ्या जाताना."

पैलवानाने मशीन खाली ठेवली आणि मालकाकडे पाहिलं. काका खुर्चीतून उठले होते. आता पहिल्यांदाच ते सरळ माझ्याकडे बघत होते, आणि ते मान हलवत होते, नको, नको, म्हणून.

"तू ये इकडे," ते म्हणाले. "आपण जाऊ. तुझं सगळं आयुष्य पडलंय, बाळा."

"तुम्ही दोघं जा, काका. मी तुम्हाला घर बघून देते. मी राहते इथे. याला कुणी हात लावू नये, म्हणून कुणीतरी हवं."

बसल्या जागी, सालीच्या आत, माझ्या मांडीखाली काहीतरी हळूच सरकलं आणि थांबलं. मी उठले नाही.